कळंबच्या तुर्कस्तानात न फुटलेलं मडकं

परदेशी जाऊन आलेली माणसं आधी पासपोर्ट दाखवतात आणि मग फोटो. माझ्याकडे पासपोर्ट नाही. फोटो एकच आहे आणि त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. तरीही गेल्या महिन्यात एका रविवारी मी तुर्कस्तानात जेवून आलो हे लिहून ठेवायला हवं, कारण आमच्या जूचंद्रातलं अजून कुणी तिकडे गेलेलं नाही, आणि जाणाऱ्याला चार गोष्टी आधी ठाऊक असलेल्या बऱ्या.

हे तुर्कस्तान म्हणजे कळंबचं एक तुर्की हॉटेल. समुद्राच्या अलीकडे, सुरूच्या झाडांत. तिथे दर रविवारी दुपारी जेवणासोबत ढोल आणि नाच असतो. आमच्या घरापासून गाडीने तासाभराचा रस्ता. तेवढ्या वेळात मी जेवढा घाम गाळला तेवढा लोक इस्तंबूलला जाऊन यायला गाळत नसतील, आणि त्याचं कारण हवामान नव्हतं.

जूचंद्र, सकाळी

कारण सांगतो. प्राची माझी एकुलती एक मुलगी. सुजय दळवीला तिने आधी पसंत केलं, आम्ही मागाहून केलं. दळवी मंडळी मूळची साताऱ्याकडची, आता विरारला फ्लॅटमध्ये राहतात. लग्न नक्की होतं, फक्त ते कसं करायचं हे दोन्ही घरांनी एकत्र बसून ठरवायचं होतं. बसायची जागा सुजयने निवडली. आमच्या पिढीत अशी बोलणी पोह्यांवर होत. पोह्यांना ढोल लागत नाही.

आता हिराबायबद्दल. हिराबाय माझी थोरली बहीण, चांदीपला दिलेली. ती धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवला, म्हणजे विधींची गाणी, गाते. हळदीचं गाणं वेगळं, तेलाचं वेगळं, नवरी निघतानाचं वेगळं, आणि ती गायल्याशिवाय पुढचा विधी हलत नाही. माझ्या लहानपणी भटजीसुद्धा तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. आता हळदीला डीजे लागतो, आणि त्याच्यापुढे कुठली धवलारीण? हिराबायला गेल्या तीन वर्षांत एकाही लग्नाचं बोलावणं आलं नव्हतं.

पण प्राचीच्या बारशाला मी भर मांडवात म्हणालो होतो, "हिच्या लग्नाचा धवला बायच गाणार!" बारशाला माणूस काहीही बोलतो. हिराबायने ते ऐकलं आणि सत्तावीस वर्षं जपून ठेवलं.

आणि त्या रविवारच्या आठ दिवस आधी दळवीबाईंनी माझ्या बायकोला, सुमनला, फोनवर सांगितलं होतं की लग्न हॉलमध्ये करू, विधी दोन तासांत आटोपू, मध्ये गाणीबिणी नकोत, पाहुणे कंटाळतात.

"बाबा," प्राची मला म्हणाली, "एक तर त्यांना सांगा की धवला होणार, नाहीतर आत्याला सांगा की नाही होणार. पण कुणाला तरी सांगा."

माझी सगळी नोकरी मुंबईच्या एका कचेरीत "बघतो साहेब" म्हणण्यात गेली. साहेब बदलले, मी बघतच राहिलो. मी प्राचीलाही म्हणालो, "बघतो."

रविवारी सकाळी हिराबाय चांदीपहून आली. लाल नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. तोंडात काहीतरी चघळत होती. मी विचारलं तर म्हणाली, "जेष्ठमध. गला साफ ठेवाला नको? लग्न आलंय जवल."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी माझी गत झाली. मी मुकाट्याने गाडीत जाऊन बसलो.

वाटेत, केळी

गाडी प्राची चालवत होती, मागे सुमन आणि हिराबाय. नायगावचा पूल ओलांडला, वसई मागे पडली. ठरवलं होतं की निर्मळ येईपर्यंत बायला सांगून टाकायचं. निर्मळचं तळं दिसायला लागलं तसा मी घसा खाकरला.

"बाय, एक बोलायचं होतं..."

"गारी थांबव!" हिराबाय ओरडली. प्राचीने इतक्या जोरात ब्रेक दाबला की माझं वाक्य समोरच्या काचेवर आपटलं.

रस्त्याकडेला एक बाई केळी विकत बसली होती. हिराबाय उतरली. मी म्हणालो, आपण हॉटेलात जेवायला चाललोय, केळी कशाला? तिने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी अंगावर कपडे न घालताच निघालो होतो.

"रिकाम्या हातानी कुनाच्या घरी जेवाला जातान काय?"

"बाय, ते घर नाही. हॉटेल आहे. तिथे पैसे देऊन जेवायचं असतं."

"मग? चूल त्यांचीच हाय ना?"

केळ्यांची फणी तिने माझ्या पायांशी सरकवली, आणि ती ठेवायला जागा करताना मला पाय जे आखडून घ्यावे लागले ते कळंबपर्यंत तसेच. बोलायचं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर मला त्या केळेवालीचे उपकार वाटले.

तुर्कस्तान, दुपारी एक

दारात लाल गोंड्याची टोपी घातलेला वेटर उभा होता. त्याच्या जाकिटावर सोनेरी वेलबुट्टी होती. पण तो बोलला तेव्हा नालासोपारा बोललं. "या काका, या मावशी, टेबल रेडी आहे. मी विकी."

हिराबायने फणी त्याच्या हातात दिली. "घरात ठेव. आन् म्हातारं कुनी असंल त्याला पयला दे."

विकीने टोपी सावरत फणी घेतली. मेनूकार्ड द्यायच्या शिक्षणात गिऱ्हाइकाकडून केळी घ्यायचं शिकवत नसावेत. पण बिचारा "हो मावशी" म्हणून ती आत ठेवून आला. पुढे सगळं जेवणभर आमच्या टेबलावर दुप्पट पाव येत होता तो त्या फणीमुळेच, असं माझं मत आहे.

आत भिंतींवर, खांबांवर, छताला, सगळीकडे काचेचे निळे डोळे टांगलेले. आतून पुढे आलेल्या सुजयने समजावून सांगितलं की तुर्की लोक वाईट नजर लागू नये म्हणून ते लावतात. हिराबाय एकदम खुलली. "म्हंजे दिष्टीसाठी! आपन लिंबू-मिरची बांधताव तसाच. ही लोका आपल्यातलीच हायेत." एवढ्यावर तिने अख्ख्या तुर्कस्तानाला पदरात घेतलं.

दळवीसाहेब आणि दळवीबाई आधीच येऊन बसले होते. दळवीसाहेब गोल, हसरे, खाण्याच्या बाबतीत घाईचे. दळवीबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि नुसत्या बसल्या असल्या तरी आपला गृहपाठ राहिलाय असं समोरच्याला वाटत राही. माझा तर खरोखरच राहिला होता.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. आधी बशीत पांढरट लेप येतो, वर तेलाचं तळं. ते काबुली चण्याचं थंड पिठलं आहे. मग वांग्याचं भरीत येतं, चांगलं विस्तवावर भाजलेलं, पण फोडणी द्यायची ते विसरलेले असतात. पाव तव्यावरच्या फुलक्यासारखा फुगतो आणि फाडला की आत काहीच नसतं. ताकही मिळतं. हिराबायने ते एका घोटात संपवलं आणि म्हणाली, "मीठ बरा हाय यांचा." आमच्या बापाचं मिठागर होतं. आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

दळवीबाईंनी विषय काढला. "तर मग हॉलचं आपलं ठरलंच आहे. विधींचं मी सुमनताईंना बोलले होते..."

हिराबाय पुढे सरकून ऐकू लागली. सुमनने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. प्राची माझ्याकडे बघत होती. आता नाही तर कधीच नाही. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, "विधींबद्दल आमच्याकडे एक..."

धाडकन ढोल सुरू झाला.

काखेत मावणारा, पितळेच्या कळशीसारखा तो ढोल एक मिशीवाला माणूस आमच्या अगदी कानाशी उभा राहून बडवत होता. त्यापाठोपाठ घेरदार झगा घातलेला दुसरा माणूस आला आणि गरगर फिरू लागला. झग्याला दिवे लावलेले होते. ते भर दुपारी दिसत नव्हते, पण लावले होते. तो दहा मिनिटं एका दिशेने फिरला. दळवीसाहेबांना नुसतं बघून चक्कर आली आणि त्यांनी ती उतरवायला दोन कबाब खाल्ले.

मी आणखी एकदा प्रयत्न केला. ढोल थांबला, टाळ्या झाल्या, मी म्हणालो, "तर आमची हिराबाय जी आहे, ती..." आणि मिशीवाल्याने फिरणाऱ्याला परत बोलावलं. यापुढे मी बोलायचा नाद सोडला. लोक म्हणतील मी भित्रा. मी म्हणेन मला संधी मिळाली नाही. दोन्ही खरं आहे.

मडकं

मग ते आलं.

विकी ताटभर मीठ घेऊन आला. मिठाच्या ढिगावर एक मडकं, तोंड कणकेने लिंपून बंद केलेलं, आणि मिठातून चहूबाजूंनी जाळ निघत होता. हिराबाय कळवळली, "आरं, मीठ जालतंस कशाला?" पण विकीचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. मिशीवाला पाठीमागे येऊन थांबला, आणि विकीने माझ्या हातात एक छोटी हातोडी ठेवली.

"मुलीचे बाबा तुम्हीच ना, काका? मग मान तुमचा. आत मटण आहे. तीन ठोके मारायचे. तिसऱ्या ठोक्याला मडकं फुटलं पाहिजे. तुर्कीत असंच करतात. फोटोसाठी जरा हात वर धरा."

सवयीने मी हात वर धरला. साहेब सांगतील ते करायचं. विकीने फोटो काढला. आणि त्या क्षणी मला कळलं मी काय करतोय.

जाळ. मडकं. तीन ठोके. आणि घरचा कर्ता पुरुष. आपल्याकडे हे सगळं एकत्र कधी येतं आणि कुठे नेऊन करतात ते मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याला ठाऊक आहे. मी माझ्या बापासाठी ते केलेलं आहे. आणि आता पोटच्या पोरीच्या लग्नाच्या बोलणीत, व्याह्यांच्या समोर, हातोडी उगारून उभा होतो.

दळवीबाईंचा चेहरा उतरला. "अहो, हे काय चाललंय?"

"आई, कबाब आहे गं तो," सुजय म्हणाला.

"मला दिसतंय काय आहे ते." त्या खुर्ची मागे सारून उठल्या. त्या घाबरल्या आहेत हे बघून मी जास्त घाबरलो. "मी मुलांना आयुष्यभर सांगत आले, शकुन-अपशकुन काही मानू नका. पण माझ्या एकुलत्या एका मुलाच्या... नाही. सुजय, ऊठ. आज काही ठरवायला नको. पुन्हा कधीतरी बघू."

'पुन्हा कधीतरी बघू' म्हणजे काय ते माझ्याइतकं कुणाला कळणार? तीस वर्षं मी तेच म्हणत आलो. प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुजय उठावं की बसावं अशा अर्धवट अवस्थेत खुर्चीवर अडकला. दळवीसाहेबांनी घास खाली ठेवला. आणि मी? माझा हात अजून वरच होता.

"हातोरी खाली ठेव."

हिराबाय उठली होती. मांडवात ती ज्या आवाजात बोलते तो आवाज मी तीन वर्षांनी ऐकत होतो. मी हातोडी खाली ठेवली. विकीनेही टोपी काढून हातात घेतली, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"विहीनबाय, बसा," ती दळवीबाईंना म्हणाली. "लग्नाच्या घरी पयला काय येतं? कुंभाराचा मरका. तुमच्याकरं येत नाय?"

"येतं," दळवीबाई म्हणाल्या. "वाजतगाजत आणतात. पण..."

"मग यो त्योच. वाजत आला, गाजत आला. त्याला फोराचा नसतं, पुजाचा असतं. या पोरांना ठाव नाय, त्यांचा काय दोस?" आणि कमरेची पिशवी सोडून तिने हळदीकुंकवाची डबी काढली. धवलारीण डबीशिवाय घराबाहेर पडत नाही. तापलेल्या मडक्याला तिने पाच बोटं ओढली. चटका बसला असणार, पण तिने तोंड वाकडं केलं नाही. मग डोळे मिटले आणि गायला लागली.

कुंभाराचे दारी गो, माती भिजविली कोनी,
मरका घरविला गो, नवरीचे हलदीचे पानी...

आवाज थोडा फाटलेला होता. पहिल्या ओळीला कुणी हललं नाही. दुसऱ्या ओळीला मिशीवाल्याने कळशी काखेत धरून बोटांनी हलकेच ठेका धरला, आणि तो तुर्की नव्हता. तो चक्क आपल्या हळदीचा होता. हिराबायने एक डोळा उघडून बघितलं.

"कुठचा रं तू?"

"सातिवलीचा, मावशी. लग्नसराईत हळदीला वाजवतो. इथं फक्त रविवारी मिशी लावून येतो."

मग काय विचारता! दोघांनी मिळून ते गाणं असं काही उचललं की शेजारच्या टेबलांवरच्या लोकांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग आहे. त्यांनी टाळ्या धरल्या. झगेवाला दोन गिरक्या घेऊन गेला. मी माझ्या बहिणीकडे बघत होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती. जी बाई मोडत आलेली सोयरीक दोन ओळींत सावरते, तिलाच 'गाऊ नको' कसं सांगायचं याचा विचार करत मी आठ दिवस झोपलो नव्हतो.

गाणं संपल्यावर हिराबायने सुरी घेऊन कणकेची कड सोडवली आणि झाकण अलगद उचललं. पहिली वाढणी दळवीबाईंना. मटण मऊ होतं, पण मसाला म्हणून काही नव्हतं. दळवीसाहेब म्हणाले, "आमच्याकडे याला आजाऱ्याचं मटण म्हणतात." आणि तिसऱ्यांदा घेतलं.

आइस्क्रीम आणि प्रश्न

जेवणानंतर दारापाशी आइस्क्रीमवाला असतो, त्याच्यापासून सावध राहा. तो लांब सळीने कोन पुढे करतो आणि तुम्ही हात घातला की काढून घेतो. अशी थट्टा पाच मिनिटं चालते. दळवीसाहेब तीनदा फसले, चौथ्यांदा चिडले, आणि शेवटी त्यांनी सळीच धरून ठेवली. सुजय आणि प्राची त्यांना सोडवायला गेले.

टेबलावर आम्ही चौघंच राहिलो. दळवीबाई मडक्यावरच्या हळदीकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हे तुमच्याकडे लग्नात गातात?"

"हो."

"सगळे विधी होईपर्यंत?"

"हो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मी फोनवर म्हटलं गाणी नकोत, ते डीजेबद्दल म्हटलं. मला काय ठाऊक असलं काही असतं म्हणून?" मुख्याध्यापिका पुन्हा जाग्या झाल्या होत्या. "एका वाक्याचं काम होतं."

आता कुणी ढोल वाजवत नव्हतं.

दळवीबाईंनी हिराबायचा हात धरला. "लग्नात तुम्ही गायचं. लागू देत चार तास. याल ना?"

मला वाटलं बाय आता हसेल, रडेल, निदान माझ्याकडे बघेल. तिने हात हळूच सोडवून घेतला.

"असा हॉटेलान बसून नाय सांगत, विहीनबाय. धवलारनीला घरी येऊन बोलवतान. नारल-विरा देऊन." मग ती माझ्याकडे वळली. आवाज अजिबात चढवला नाही. "आन् नवरीच्या बापानी बोलवाचा असतं. बारशाला बोलला त्यो शब्द झाला. बोलावना अजून मना आलाच नाय."

सुमनने खाली बघितलं. मीही बघितलं. जे आमंत्रण मागे कसं घ्यायचं म्हणून मी तळमळत होतो, ते मी कधी दिलंच नव्हतं.

चांदीप, पुढचा रविवार

चांदीपला जायला कुठल्याही टोपीवाल्याकडून टेबल राखून ठेवावं लागत नाही. महामार्ग सोडला की शेतं लागतात, आणि हिराबायचं घर रस्त्यावरूनच दिसतं. मी एकटाच गेलो. सुमन म्हणाली, तुमचं तुम्ही बोला.

हिराबाय ओसरीवर वाल सोलत बसली होती. मला बघून उठली नाही. मी चपला काढल्या, नारळ आणि विडा दोन्ही हातांत धरला. घरून निघताना वाक्य पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो.

"बाय," मी म्हणालो, "माझ्या प्राचीचं लग्न आहे. धवला गायला ये. आधीच यायला हवं होतं मी. चुकलं माझं."

तिने वालाचं सूप बाजूला ठेवलं. "तारीख?"

मी तारीख सांगितली. ती हात पुसत आत गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून ओसरीवर घेऊन आली. माझ्यासमोर मांडीवर ठेवून एकेक पान उलटू लागली. एकाही चौकोनात काही लिहिलेलं नव्हतं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आमच्या महिन्यावर आल्यावर तिने सगळ्या तारखांवरून सावकाश बोट फिरवलं, मागे गेली, पुन्हा पुढे आली. मी नारळ धरून उभा होतो.

"मोकली हाय," ती म्हणाली. "पेन दे."